टिपणं अर्धवट आहेत, तरी चारचौघांत ठेवू का?

पत्र:

माझं वय ४३. राहायला डोंबिवलीत, नोकरी मुंबईत, माहेर मुरबाडकडचं. लोकलमध्ये बसायला मिळालं की फोनवर टिपणं लिहायची मला जुनी सवय आहे. त्यात रानभाज्या आहेत: काही आईकडून कळलेल्या, काही पावसाळ्यात स्टेशनबाहेर भाजी घेऊन बसणाऱ्या एका ठाकर मावशींकडून. सासऱ्यांचं डायलिसिस सुरू झाल्यापासून ठेवलेल्या नोंदी आहेत, पथ्याच्या आणि दवाखान्यातल्या कामांच्या. वाचलेल्या पुस्तकांवर चार-चार ओळी आहेत. आणि घरातली बारीकसारीक उत्तरं, अगदी मिक्सरच्या भांड्याचं रबर कुठे मिळतं इथपर्यंत. भाची म्हणते, “मामी, लोक अशी टिपणं ऑनलाइन ठेवतात, त्याला डिजिटल गार्डन म्हणतात, तूही टाक.” कल्पना आवडली, पण हात धजावत नाही. निम्मी टिपणं अर्धवट आहेत. ‘हे झालं’ असं म्हणावं असं एकही पान नाही. लोक हसतील. कुणीतरी उचलून स्वतःच्या नावावर व्हॉट्सॲपवर फिरवेल. नवरा विचारतो, “पण हे वाचणार कोण?” आधी सगळं नीट पूर्ण करू, की आहे तसं टाकू? आणि मराठीत ठेवू की इंग्रजीत?

एक डोंबिवलीकर

उत्तर:

नमस्कार,

‘सगळं पूर्ण करून मग टाकू’ हा बेत सोडून द्या. रानभाज्यांची वही पूर्ण होत नसते. दर पावसाळ्यात कुणीतरी न पाहिलेला पाला आणून समोर ठेवतं. पथ्याची वही डॉक्टर बदलले की बदलते. ही टिपणं ज्या दिवशी पूर्ण होतील त्या दिवशी तुम्हाला त्यांची गरज उरलेली नसेल, आणि गरज संपलेलं काम कुणी हातात घेत नाही. पण म्हणून ‘आहे तसं टाका’ असंही मी म्हणणार नाही. तुम्ही रेघ ओढली आहे ती पूर्ण आणि अपूर्ण यांच्या मध्ये. पत्र वाचताना मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. या टिपणांतलं तुमचं किती आणि दुसऱ्याचं किती? त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, म्हणून उत्तराचा मोठा भाग तिकडेच जाणार आहे.

आधी भाचीच्या कल्पनेबद्दल थोडं. ती तिच्या पिढीची नाही. वॉर्ड कनिंगहॅम यांनी कुणालाही दुरुस्त करता येईल अशी पहिली विकी १९९५ मध्ये उघडली. मार्क बर्नस्टीन यांनी ‘हायपरटेक्स्ट गार्डन्स’ हा निबंध लिहिला १९९८ मध्ये. पुढे २०१५ मध्ये माइक कॉलफील्ड यांनी एका भाषणात फरक स्वच्छ मांडला: इंटरनेटवर एक असतो ओघ आणि एक असते बाग. ओघ म्हणजे फेसबुक, इन्स्टाग्राम, तुमचे व्हॉट्सॲपचे गट. तिथं आजचं वर, कालचं खाली आणि परवाचं गेलं. गेल्या जूनमध्ये तुम्ही शेवळांच्या रानभाजीवर फेसबुकला काही लिहिलं असेल तर ते या जूनमध्ये तुम्हालाच सापडणार नाही. बागेत तारखेला नाही, विषयाला जागा असते. शेवळांचं पान एकच. नवं काही कळलं तर त्याच पानात भर घालायची, चुकलेलं दुरुस्त करायचं, आणि तिथून काकडं, म्हणजे या भाजीत घालतात ती आंबट फळं, यांच्या पानाकडे दुवा द्यायचा. अँडी मटुशाक या संशोधकासारखे लोक आपली चालू कामाची टिपणं त्यातल्या न सुटलेल्या प्रश्नांसकट उघडी ठेवतात. तेव्हा अर्धवट असणं हे या प्रकारात धरूनच चाललेलं असतं. पान अर्धवट आहे म्हणून वाचक फसत नाही. अर्धवट पान पूर्ण असल्याचा आव आणतं तेव्हा तो फसतो.

म्हणून पानाच्या माथ्यावरच सांगून टाकायचं. ग्वेर्न या टोपणनावानं इंग्रजीत लिहिणारा एक लेखक निबंधाच्या वरच तो कितपत पूर्ण आहे आणि त्यातल्या निष्कर्षाची स्वतःला कितपत खात्री आहे हे नोंदवतो. काही जण बी, रोप, झाड अशी चिन्हं लावतात. मला ती दिसायला गोड आणि उपयोगाला कमी वाटतात; ‘रोप’ म्हटल्यावर त्या पानातलं नेमकं काय कच्चं आहे ते कळत नाही. तुमच्या टिपणांना मी तीन शिक्के सुचवेन: केलेलं, पाहिलेलं, ऐकलेलं. आणि खाली एक कोपरा, विचारायचं आहे. शेवळांचं पान मग साधारण असं दिसेल:

शेवळं
इतर नावं: शेवळा, शेवळ, शेवळे. (शेवाळ वेगळं.)
शेवटची दुरुस्ती: १४ जून २०२५
केलेलं: वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं. खाज जावी म्हणून काकडं ठेचून त्यांचा रस घालायचा. काकडं मिळाली नाहीत तेव्हा चिंचेचा कोळ घातला.
पाहिलेलं: बाजारात शेवळांच्या जुडीबरोबर काकडंही विकायला असतात.
ऐकलेलं: चिरताना हाताला तेल लावावं. (आई)
विचारायचं आहे: सीकेपी घरांत कोलंबी घालून करतात, त्यात आंबट किती आणि केव्हा?

हे अर्धवट आहे का? आहे. हसण्यासारखं आहे का? मला तरी या पानावर ‘रानभाज्यांचे अद्भुत फायदे’ छापाच्या दहा लेखांपेक्षा जास्त भरवसा वाटेल, कारण लिहिणारीला काय माहीत नाही तेही इथं लिहिलेलं आहे. आणि ‘विचारायचं आहे’ हा कोपरा रिकामा ठेवू नका. अशा पानावर अनोळखी माणूस लिहून कळवतो तो बहुतेक त्याच ओळीमुळे; ज्याला कोलंबीचं प्रमाण माहीत आहे त्याला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. तेवढ्यासाठी पानाच्या तळाशी एक ईमेल पत्ता द्या, रोजच्या वापरातला नव्हे, वेगळा काढलेला.

एका बाबतीत मात्र शिक्का पुरत नाही. जे वाचून कुणी तोंडात घालणार आहे, तिथं अर्धी नोंद चालत नाही. समजा, तुमच्या फोनमध्ये ‘कडू करांदे उकडून खातात’ एवढीच ओळ आहे. करांदे उकडूनच खातात हे खरं. पण कडू करांद्यांना राख घालून उकडणं, ते पाणी टाकून देणं, पुन्हा नव्या पाण्यात घालणं, हे सगळं लागतं. ते सोडलं तर पोट बिघडल्याशिवाय राहणार नाही. दुसरं उदाहरण कळलावीचं. कुणी तिला अग्निशिखा म्हणतात, कुणी खड्यानाग. पावसाळ्यात लाल-पिवळी फुलं आल्यावर ती कुणीही ओळखेल, पण फुलं नसताना जमिनीतला कंद खाण्याचा समजून खाल्ल्यानं माणसं दगावलेली आहेत, कारण त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं. तेव्हा पोटात जाणाऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल नियम कडक ठेवा. पानावर फक्त ‘केलेलं’ जाईल. ‘ऐकलेलं’ फोनमध्येच राहील, आईनं किंवा मावशींनी समोर बसून करून दाखवेपर्यंत. ओळखीसाठी फोटो टाकाल तर फुलाचाच नव्हे, पानाचा, देठाचा आणि कंदाचाही टाका. आणि एकट्या फोटोवरून कुणी भाजी खुडू नये, हे तिथंच लिहा. वनस्पतीचं शास्त्रीय नाव कळलं असेल तर तेही द्या, कारण कुळू, फोडशी, काळी मुसळी अशी नावं गावागणिक फिरतात आणि दोन गावांत एकाच नावाच्या दोन वेगळ्या भाज्या निघू शकतात.

याच पानांवर दुरुस्ती गुपचूप करायची नाही. पुस्तकाबद्दलचं मत बदललं तर सरळ खोडून नवं लिहा, कुणाचं काही बिघडत नाही. पण ‘अमुक पाला कच्चा चालतो’ असं वर्षभर पानावर होतं आणि आता ते चूक निघालं, तर जुनी ओळ कुणीतरी वाचून गेलेलं असणार. म्हणून तिथं तारखेसह लिहा: आधी इथं असं होतं, ते चूक आहे. ही काही परदेशातून आलेली शिस्त नाही. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा शेवटी ओवीत शक नोंदवला, पंधराशे सहा, म्हणजे इसवी सन १५८४, आणि यापुढे यात कुणी आपली ओवी घुसडू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. तुम्हाला ओवी करायची गरज नाही, तारीख पुरे.

आता डायलिसिसच्या नोंदींकडे येऊ. तुमच्या सगळ्या टिपणांत ही सर्वांत उपयोगी असणार याबद्दल मला शंका नाही. ज्याच्या घरात हे नव्यानं सुरू होतं त्याला डॉक्टर वैद्यकीय भाग सांगतात. पण चार तास माणूस खुर्चीत असताना बरोबरच्यानं काय करायचं, कुठले कागद जवळ ठेवायचे, तिथल्या एसीत रुग्णाला थंडी वाजते म्हणून शाल न्यायची, हे कुणी सांगत नाही. ते एखाद्या सुनेच्या फोनमध्येच असतं. आणि तरीही तुमच्या वहीतला सर्वांत कमी तुमचा भाग हाच. आजार सासऱ्यांचा आहे. तुम्ही तो सांभाळता म्हणून तो तुमचा होत नाही.

म्हणजे लिहायचंच नाही का? लिहायचं, पण कर्ता बदलून. तुमच्या फोनमध्ये असं काहीतरी असेल असं मी धरून चालते: ‘मंगळवार. शेजारचे भेटायला आले, शहाळं घेऊन. आम्ही आत होतो तोवर बाबांनी ते पिऊन टाकलं. पोटॅशियम किती वाढलं ते रिपोर्टात आलंच. डॉक्टर आमच्यावर चिडले, बाबा डॉक्टरांवर.’ या नोंदीत बाबांचा रिपोर्ट त्यांचा, त्यांचा हट्ट त्यांचा, शेजाऱ्यांचा बिचाऱ्यांचा चांगुलपणा शेजाऱ्यांचा. तुमचं त्यात काय? तुम्हाला त्या दिवशी जे कळलं ते. मग पान होतं: ‘भेटायला येणाऱ्यांना शहाळं आणू नका हे कसं सांगावं’. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं नेणं हा शिष्टाचारच आहे. मूत्रपिंडं निकामी झालेल्या रुग्णाला मात्र ते चालत नाही, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि ते बाहेर टाकायला मूत्रपिंड काम करत नसतं. आणणाऱ्याला न दुखावता हे कसं सांगायचं, फोनवर आधीच सांगायचं की दारावर, त्याऐवजी काय आणायला सुचवायचं, हे तुमचं ज्ञान आहे. ते पान वाचून कुणाला बाबांबद्दल काहीही कळणार नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला हवं ते सगळं मिळेल.

अशी पानं बरीच निघतील. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेनं केलेला रक्तवाहिन्यांचा जोड, असलेल्या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, डायलिसिसखेरीज सुई टोचू द्यायची नाही, आणि दवाखान्यात नवी माणसं भेटली की हे पुन्हा आपणच सांगायचं. भाजी चिरून उकळून पाणी टाकून द्यायची तेव्हा चव कशी राखायची. गावच्या लग्नाला जायचं असेल तर तारखा कशा बसवायच्या आणि जवळचं केंद्र आधी कसं गाठायचं. आकडे मात्र घालू नका. किती मिलिलिटर पाणी, किती ग्रॅम मीठ हे प्रत्येक रुग्णाचं वेगळं असतं, आणि तुमच्या पानावरचा बाबांचा आकडा दुसऱ्या घरात कुणी आपल्या आईला लावेल. ‘आमच्या आहारतज्ज्ञांनी आमच्यासाठी ठरवलं, तुम्ही तुमच्यासाठी विचारा’ एवढंच लिहा, आणि विचारायचे प्रश्न द्या. आकड्यांपेक्षा प्रश्नांची यादी जास्त कामाची असते.

आणि कर्ता बदलूनही बाबांना विचारा. आधी, टाकल्यावर नव्हे. पान वाचून दाखवा. ते “काय हवं ते कर” म्हणाले तर लगेच होकार समजू नका. आपल्या घरांत हे वाक्य रागावूनही म्हटलं जातं. नको म्हणाले तर पान ठेवायचं नाही, कितीही उपयोगी असलं तरी. एकदा गेलेलं मागे घेता येईल या भरवशावरही राहू नका. इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्था जुन्या पानांच्या प्रती ठेवतात. त्यांना विनंती करता येते, पण व्हॉट्सॲपवरच्या स्क्रीनशॉटला विनंती करता येत नाही. ‘मी नाव कुठे लिहिलंय’ हा युक्तिवादही लंगडा आहे. डोंबिवली, मुरबाडचं माहेर, मुंबईतली नोकरी, सासऱ्यांचं डायलिसिस, एवढं एकत्र आलं की तुमच्या सोसायटीतल्या कुणालाही नावाची गरज पडणार नाही.

ठाकर मावशींच्या बाबतीत तर मी आणखी सावध राहीन. त्या बोलल्या त्या एका गिऱ्हाईक बाईशी, जगाशी नव्हे. भाजी विकताना सहज सांगितलेली गोष्ट आणि छापायला दिलेली गोष्ट यांत फरक आहे, आणि तो त्यांना समजावून सांगणं तुमच्याकडे लागतं. पुढच्या पावसाळ्यात गर्दी नसेल तेव्हा त्यांना तुमचं पान फोनवर दाखवा. विचारा: हे इथं ठेवलं तर चालेल का, तुमचं नाव घालू की नको, पाड्याचं नाव घालू की नको. त्यांचा फोटो तुम्ही आधीच काढलेला असेल असा माझा अंदाज आहे. टोपलीचा वापरा, चेहऱ्याचा नको. नाव नको म्हणाल्या तर ‘शहापूरकडच्या एका ठाकर विक्रेतीकडून’ असं लिहा, पण लिहा. ‘पारंपरिक माहिती’ असं म्हणून माणूस पुसून टाकू नका. काही गोष्टी, विशेषतः औषधाच्या, त्या सांगायला कां-कूं करतील. तिथं आग्रह नको. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावच्या समित्या लोकजैवविविधता नोंदवह्या तयार करतात. कुठल्या वनस्पतीचा कुणाला काय उपयोग माहीत आहे, याची नोंद त्यांत असते. कुणाचं ज्ञान कुणी कुठवर वापरावं, याची काळजी कायद्यालाही करावी लागली, तर तुम्हीही थोडी करायला हरकत नाही.

याला जोडूनच जागांचं. कुठली भाजी कुठल्या ओढ्याच्या काठाला मिळते हे लिहू नका. कुर्डू, टाकळा कुठेही उगवतात, त्यांचं सोडा. पण जो कंद काढला की झाड संपतं, त्याचा पत्ता दिलात तर दुसऱ्या पावसाळ्यात तिथं खड्डेच दिसतील. आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर लोक पाहिलेल्या वनस्पती-प्राण्यांची नोंद करतात. तिथं संकटात असलेल्या जातींचं नकाशावरचं ठिकाण मुद्दाम धूसर केलं जातं. तुम्ही तालुक्यावर थांबा. आणि फोनमधला फोटो जसाच्या तसा चढवला तर त्यात कुठे काढला याची नोंद दडलेली असू शकते. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतून ती गळून जाते, स्वतःच्या पानावर चढवलेल्या मूळ फोटोतून बहुधा नाही. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करून ठेवा, म्हणजे रोज आठवायला नको.

चोरीची भीती तुम्ही बरीच मोठी करून ठेवली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही लिहिलं त्या क्षणी लिखाण तुमचं झालं, नोंदणी लागत नाही, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. पण तो हक्क तुमच्या शब्दांवर आहे, माहितीवर नाही. शेवळांत काकडं घालतात हे कुणाच्याच मालकीचं नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुरामागे धावायला जाल तर लोकलमधला तो एक तास त्यातच जाईल. ‘नाव आणि पानाचा पत्ता देऊन खुशाल वापरा’ असं तळाशी लिहा. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने याचसाठी आहेत. निम्मे लोक ऐकतील. उरलेल्यांनी उचललेला मजकूर उचलला त्या दिवशीच थिजतो आणि तुमचं पान पुढच्या पावसाळ्यात पुन्हा दुरुस्त होतं. हेच तुम्ही इतरांच्या पुस्तकांनाही लावा: चार ओळी उद्धृत करून त्यावर आपलं लिहिणं ठीक, प्रकरणाचे फोटो काढून चिकटवणं नाही.

भाषा मराठीच. इंग्रजीत डायलिसिसवर ढीगभर लिहिलेलं आहे, शहाळ्याबद्दल नाही. पण मराठीत ठेवायचं तर दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एकच शब्द आपण शेवळं, शेवळे, शेवळा असा लिहितो आणि शोधणारा यांतलं काय टाइप करेल सांगता येत नाही, म्हणून सगळी रूपं पानावर एकदा तरी असू द्या. पानाचा पत्ता, म्हणजे लिंक, रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरीतला पत्ता कॉपी करून पाठवला की पुष्कळदा त्याची टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते आणि समोरचा ती व्हायरस समजून उघडत नाही. आणि मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर देवनागरीच दिसेल अशा संकेतात, हवा. फोनवर टाइप केलेला असतोच. पण कधी एखादी जुनी फाइल डीटीपीच्या फाँटमध्ये, कृतिदेवसारख्या, केलेली असेल तर ती आधी बदलून घ्या, नाहीतर पानावर रोमन अक्षरांचा कचरा उमटेल.

साधनांवर फार वेळ घालवू नका. या छंदात निम्मे लोक रंग आणि मांडणी निवडण्यातच थकतात. एकच अट पाळा: मूळ प्रत तुमच्याकडे, साध्या मजकुराच्या फाइलींत. ऑब्सिडियन हे ॲप हेच करतं. फाइली तुमच्या फोनवर आणि लॅपटॉपवर राहतात, आणि त्यातल्या निवडक पानांची साइट पैसे देऊन त्यांच्याकडून किंवा क्वार्ट्झसारख्या फुकट साधनानं करता येते. क्वार्ट्झला थोडी तांत्रिक खटपट लागते, ती भाचीवर सोपवा, तिनंच सुचवलंय. ते नको असेल तर गुगल साइट्स किंवा वर्डप्रेसची ‘पेज’ चालतील. ‘पोस्ट’ नकोत, त्या पुन्हा तारखेनं लागतात. मूळ प्रत जवळ असावी असं मी का म्हणते ते ऑर्कुट या जुन्या समाजमाध्यमावर वावरलेल्या तुमच्या-माझ्या वयाच्या माणसांना सांगायला नको. सप्टेंबर २०१४ मध्ये ते बंद झालं आणि मराठी मंडळींनी तिथल्या कट्ट्यांवर लिहिलेलं कितीतरी त्याच्याबरोबर गेलं.

नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर: पहिली वाचक तुम्हीच. लोकांसमोर ठेवायचं म्हटलं की टिपण जरा नीट लिहिलं जातं. ‘ते आईनं सांगितलेलं घालायचं’ असली, सहा महिन्यांनी स्वतःलाही न कळणारी ओळ मग लिहवत नाही. एवढा फायदा मला पुरेसा वाटतो. बाकी वाचक येतात ते बातमी वाचल्यासारखे येत नाहीत. कुणाला मिक्सरचं रबर हवं असतं, कुणाच्या वडिलांचं परवापासून डायलिसिस असतं. ते शोधतात, हवं ते वाचतात आणि निघून जातात. आकडे मोजायचं यंत्र लावूच नका. लावलंत की आठवड्याभरात तुम्ही जास्त वाचल्या जाणाऱ्या विषयावर लिहायला लागाल, आणि तो विषय वजन कमी करणं हा असेल.

सुरुवात सहा-सात पानांनी करा. एक मुखपृष्ठ, त्यावर ही काय वही आहे आणि शिक्क्यांचा अर्थ काय हे चार ओळींत. शेवळं, काकडं, भारंगी, करटोली यांतलं जे स्वतः केलंय ते. मिक्सरचं रबर नक्की, पण दुकानदाराचा खाजगी नंबर न देता. पुस्तकांपैकी दोन. डायलिसिसचं एकही पान पहिल्या फेरीत नको. बाबांशी बोलणं होईपर्यंत ते लॅपटॉपवर वेगळ्या फोल्डरमध्ये राहू दे. एकाच फोल्डरमध्ये ‘खाजगी’ आणि ‘जाहीर’ अशा खुणा करून ठेवलंत तर एक दिवस चुकीचं बटण दाबलं जाईल, म्हणून फोल्डरच दोन. मग दर आठवड्याला नवं पान लिहिण्याचा नेम करू नका. जुनं एखादं उघडा, एक ओळ सुधारा, तारीख बदला. एखादं पान दोन वर्षं कुणी शिवलं नाही तर त्याच्या माथ्यावरची तारीखच ते सांगेल. स्वतःच्या नावाचं डोमेन घ्यायचा मोह झाला तर घ्या, पण त्याची फी दर वर्षी भरावी लागते आणि एक वर्ष राहून गेली की तोच पत्ता दुसरं कुणी विकत घेऊ शकतं. तेव्हा आठवण करून देणारा ईमेल ऑफिसच्या पत्त्यावर नको, घरच्या पत्त्यावर येऊ द्या, आणि पासवर्ड भाचीकडेही ठेवा.